एका पाठीवरून झालेलं भांडण

विदुला,

तुझ्या शोकसभेत मी चक्क खोटं बोलले. आपल्या नर्सिंगच्या शाळेच्या हॉलमध्ये तिन्ही वर्षांच्या वर्गांतल्या मुली युनिफॉर्म घालून रांगेत बसल्या होत्या, तुझे यजमान, आमचे दिलीप भाऊजी, पहिल्या खुर्चीत मान खाली घालून, आणि माझ्या हातात कोणीतरी माइक कोंबला. मी म्हणाले, "एकतीस वर्षांत आमच्यात कधी भांडण झालं नाही." मागच्या रांगेत एक मुलगी खोकली. हसू दाबायला खोकली असणार. आपण भांडलो नाही असा एक आठवडा कोणी शोधून दाखवावा.

आता प्रिन्सिपल मॅडमनी वार्षिकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. "सुमन सिस्टर, तुम्हीच लिहा, तुम्ही त्यांच्या जवळच्या." जन्म कुठला, कोर्स कधी केला, नर्सिंगच्या शाळेत ट्यूटर कधी झालीस, हे सगळं ऑफिसच्या फाइलीत आहे. ज्याला हवं त्याने तिथून घ्यावं. मला तुझ्याशी बोलायचंय. त्यात एक गोष्ट अशी आहे, जी तू असेपर्यंत मला सांगता आली नाही. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो, पण नेमक्या वेळी माझी दातखीळ बसते, हे तुला माहीत आहेच.

परळच्या हॉस्टेलात आपल्या खाटा शेजारी पडल्या, तेव्हा तू मला शिष्ट वाटली होतीस. ठाकूरद्वारच्या वाडीतली, वडील पोस्टात, बोलणं अगदी शुद्ध, ताटात वरणभात आणि लिंबाची फोड. मी लालबागची, गिरणी कामगाराची मुलगी, घरात मालवणी, आवाज असा की या चाळीतून त्या चाळीत निरोप जावा. रविवारी आई माझ्यासाठी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं पाठवायची आणि तू नाक मुरडून खिडकीपाशी जाऊन बसायचीस. सहा महिन्यांनी तीच तू माझ्या डब्यात बोट बुडवून म्हणालीस, "सुमे, यात काय घातलंय नक्की?" मी म्हटलं, "आई घालते ते." तू म्हणालीस, "ते गं काय? आणि कशासाठी?" ही बाई पुढे माझ्या डोक्याला ताप होणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याच वर्षी आपल्याला बॅक केअर शिकवली. झोपून असलेल्या पेशंटची पाठ धुवायची, पुसायची, स्पिरिट लावून चोळायची, वर पावडर. जिथे हाड टेकतं तिथे जास्त चोळायचं, म्हणजे रक्त खेळतं राहतं आणि जखम होत नाही. माझे हात आधीच आईने पाट्या-वरवंट्यावर तयार केलेले. मी पाठ चोळली की पेशंटला डुलकी लागायची. आपल्या ट्यूटर सगळ्या बॅचला माझ्याभोवती उभं करून म्हणायच्या, "हात बघा हिचा." मला आयुष्यात कोणी हुशार म्हटलं नाही गं. हात बघा हिचा, एवढंच म्हटलं. ते मी तीस वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

तू पुढे शिकत गेलीस आणि ट्यूटर झालीस. मी वॉर्डातच राहिले, बायकांच्या मेडिकल वॉर्डची इनचार्ज झाले. तुझ्या मुली शिकायला माझ्याच वॉर्डात यायच्या. आणि मग तू तो गुरुवारचा तास काढलास. तुझ्या भाषेत पुराव्यावर आधारलेली शुश्रूषा, मुलींच्या भाषेत ईबीपी, माझ्या भाषेत नसता उद्योग. मुलींनी आठवडाभर वॉर्डात काम करायचं आणि जे आपण रोज करतो पण का करतो ते ठाऊक नाही, असं एक काम चिठ्ठीवर लिहून तुझ्या टेबलावरच्या पोचे पडलेल्या किडनी ट्रेमध्ये टाकायचं. चिठ्ठीवर तीन ओळी: काय करतो, का करतो, कोणी सांगितलं. मग एक चिठ्ठी उचलायची आणि तिच्या मागे हात धुऊन लागायचं. लायब्ररीतल्या त्या जुनाट कॉम्प्युटरवर शोधायचं, डॉक्टरांना गाठायचं, दोन लेख एकमेकांच्या विरुद्ध बोलत असले तर कोणाचं का ऐकायचं यावर वाद घालायचा.

पहिले काही महिने निम्म्या मुली डुलक्या काढायच्या. सकाळची ड्यूटी करून पायाचे तुकडे पडलेले, डोक्यावर पंखा, समोर इंग्रजी लेख. एकीला तर पहिलं पान बघूनच रडू फुटलं. तू लेख बाजूला सारलास आणि तिला म्हणालीस, "बेड सातच्या बाईंना आज काय त्रास झाला ते सांग. मराठीत सांग. शब्द मागाहून बघू." ती सांगत गेली आणि तू फळ्यावर लिहीत गेलीस, आणि तास संपेपर्यंत फळ्यावर एक नीट प्रश्न तयार झाला होता. मी दारात उभी राहून बघत होते. तुला वाटलं मी कुठल्या तरी मुलीच्या रजेचा अर्ज द्यायला आले होते.

एकदा मुद्दाम मला बोलावून तू चिठ्ठ्या वाचून दाखवल्यास. "कोणी सांगितलं" याच्यापुढे एकीने लिहिलं होतं, सुमन सिस्टरांनी. दुसरीने, सुमन सिस्टरांनी. तिसरीने, सुमन सिस्टर ओरडतात म्हणून. हसता हसता तू टेबलावर डोकं टेकलंस. मीही हसले. पण घरी गेल्यावर मला ते लागलं. माझं हसं करायलाच ही बया तास घेते, असं सुद्धा मनात आलं. आता सांगते, खोटं कशाला बोलू? तुझ्यावर माझी माया होती आणि तुझा हेवाही वाटायचा.

एकदा मात्र निकाल माझ्या बाजूने लागला. नळीने अन्न देताना पेशंटचं डोकं उंच ठेवा, दिल्यावरही अर्धा तास खाली करू नका, म्हणून मी पोरींचं डोकं खायचे. त्याची चिठ्ठी निघाली आणि शोधल्यावर कळलं की सुमन सिस्टरांचं बरोबर आहे. तू सगळ्यांना वडापाव आणलेस आणि वॉर्डात येऊन सगळ्यांदेखत म्हणालीस, "बघ, ओरडण्यालाही आधार असतो कधीकधी." मी आठवडाभर हवेत होते.

मग पाठीची चिठ्ठी निघाली. ती रसिकाची. माझगावची मुलगी, वडील गोदीत फिटर, अंगाने काडी, आवाज एवढासा, पण प्रश्न विचारायला लागली की थांबायचं नाव नाही. तिने शोधून आणलं की लाल झालेल्या जागी चोळायचं नसतं. लाली आली म्हणजे आत इजा सुरू झालेली असू शकते, वरून चोळलं की ती वाढायची भीती. आधी बोटाने दाबून बघायचं, लाली जाते की राहते. मग त्या जागेवरचा भार काढायचा, कूस बदलायची, उशी द्यायची. तू ते कागद घेऊन वॉर्डात अशी आलीस, जणू माझ्यासाठी पेढे आणलेत.

मी म्हटलं, "म्हणजे तीस वर्षं मी लोकांच्या पाठी सोलत होते?"

"तसं कोण म्हणतंय?"

"तूच म्हणतेस."

"मी म्हणतेय, आता कळलंय तर बदलू या. परीक्षेच्या चेकलिस्टमध्ये अजून चोळण्याचे मार्क आहेत. ते काढायला अर्ज केलाय मी. त्यावर वॉर्ड इनचार्जची सही लागते, सुमे."

"माझी नाही मिळणार."

माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही, तेही ऐकून घे. पाठ चोळताना बायका बोलतात. तोंड भिंतीकडे असतं, कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, मग हळूहळू सांगतात. सून जेवायला देत नाही. गाठ वर्षभर लपवली होती. घरी जायची भीती वाटते. हे केस पेपरवर कधी येत नाही. चोळणं काढून टाकलंत तर पोरी "कूस बदलली" असं लिहून मोकळ्या होतील आणि मोबाइल काढतील. यावर तुझं ठरलेलं, "मग हात लाव ना. हात लावू नको असं कोण म्हणालं? लाल जागी चोळू नको, एवढंच." मला तेव्हा हा शब्दांचा खेळ वाटायचा. अजूनही थोडा वाटतो. वाद अर्धाच राहिला आपला.

तेवढ्यात ती परीक्षा आली. भाऊजींच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तू रजेवर होतीस, म्हणून तुझ्या जागी शाळेतर्फे परीक्षक म्हणून मला बसवलं. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम कडक, ओठ घट्ट मिटलेले. रसिकाच्या वाट्याला बॅक केअर आली आणि पेशंट म्हणून बेड अकराची आजी. रसिकाने हात धुतले, पडदा ओढला, आजीला सांगून कुशीवर वळवलं. सगळं नीट चाललं होतं. मग ती थांबली. माकडहाडावर बोट दाबलं, उचललं, पुन्हा बघितलं.

"इथे लाली आहे," ती म्हणाली. "दाबून जात नाहीये. मी इथे चोळणार नाही."

बाहेरच्या मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, तुमच्या वॉर्डात पेशंटची पाठ अशी?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "चोळ," मी म्हटलं. "चेकलिस्टमध्ये आहे."

"सॉरी, सिस्टर," ती म्हणाली, आणि उशी लावून आजीला तशीच कुशीवर ठेवली. मी त्या कामाला शून्य दिलं. त्या शून्याने ती नापास झाली. बरोबरच्या मुली पुढे गेल्या आणि तिला सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा द्यायची वेळ आली.

तू रजेवरून आलीस ती थेट माझ्या वॉर्डात. मार्कांची पाकिटं तोपर्यंत सील होऊन गेली होती, तू रजेवरूनच वरपर्यंत फोन केलेस, तरी काही हलत नाही, असं माझ्या कानावर आलं होतं. ड्यूटी रूमचं दार लावून घेतलंस. मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार. तू एकच विचारलंस, "त्या आजीची पाठ सकाळी कोणी चोळली होती?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? पार्वतीमावशींनी चोळली असेल."

विदुला, मी चोळली होती. आपल्या वॉर्डच्या आयाबाईंचं, त्या गरीब बाईचं नाव मी पुढे केलं. ती परीक्षेची पेशंट, म्हणून सकाळी सातला मीच गेले होते आजीकडे. किंचित लाली मला आदल्या दिवशीच दिसली होती. म्हटलं, जोर लावून चोळते, दहापर्यंत पाठ लख्ख दिसेल. मनापासून चोळली. स्पिरिट, पावडर, सगळं साग्रसंगीत. आजी म्हणाली, "बाय माझी, किती बरं वाटलं." आणि तीन तासांनी ती एवढीशी पोर परक्या माणसासमोर माझ्या हाताची करामत दाखवत होती. मला राग चेकलिस्टवरून आलाच नव्हता. चार दिवसांनी आजीची कातडी फुटली. जखम भरायला बरेच दिवस लागले. रोज ड्रेसिंग मीच केलं, पण आजी बोलायला लागली की मी हूं हूं करून उठायचे.

आपण दीड महिना बोललो नाही. कॅन्टीनमध्ये तू खिडकीशी, मी दाराशी. मग तुझ्या आजाराचा रिपोर्ट आला. भाऊजींचा फोन आला आणि मी युनिफॉर्मवरच दादरला तुझ्या घरी आले. दार तूच उघडलंस. म्हणालीस, "ये. चहा मी टाकते, दिलीपच्या हातचा म्हणजे पाक." भांडणाचं तू काढलं नाहीस, मीही काढलं नाही. मला तर सुटल्यासारखं झालं.

शेवटचे दोन महिने तू खाटेवरच होतीस. ड्यूटी संपली की रोज चारला मी यायचे. भाऊजींनी एक बाई ठेवली होती, पण कूस बदलायला तू माझ्यासाठी थांबायचीस. "तुझ्या हाताने वळलं की हाडं कुरकुरत नाहीत," म्हणायचीस. एका दुपारी तुला वळवलं आणि दिसली. माकडहाडावर, मोठ्या टिकलीएवढी. माझा हात आपोआप पावडरच्या डब्याकडे गेला.

तुझं तोंड भिंतीकडे होतं. तरी म्हणालीस, "लाल आहे ना?"

"थोडीशी."

"दाब. जाते?"

"जाते."

"मग ठीक आहे. चोळू नकोस हां."

"तुला बरं वाटेल गं."

"मला, की तुला?"

आजारी माणसाने इतकं टोचून बोलू नये. मी उशी लावली, चादरीच्या सुरकुत्या काढल्या आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्या हातांचं काय करायचं, मला खरंच सुचत नव्हतं. वळून न बघता तुला ते कसं कळलं कोण जाणे. म्हणालीस, "खांदे चोळ. तिथे लाल नाही." मी अर्धा तास तुझे खांदे चोळले. तू झोपलीस, आणि मी पदर तोंडाला लावून रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कूस बदलायचा तक्ता आखून भाऊजींना दिला. मी नसताना ते घड्याळ लावून ती बदलायचे. तुझ्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही. हे मी आता वॉर्डात सगळ्यांना सांगते, आणि हे कोणी शोधून आणलं होतं तेही सांगते.

तू जायच्या आठवडाभर आधी रसिका तुला भेटून गेली. ती गेल्यावर तू चहा तसाच बाजूला सारलास. मी विचारलं, काय झालं? म्हणालीस, "मी तिला विचारलं, परीक्षेत पुन्हा लाल पाठ समोर आली तर काय करशील? म्हणाली, चोळणार मॅडम, पास व्हायचंय. गुरुवारी पण येत नाही म्हणे आता."

"तिचे सहा महिने गेले माझ्यामुळे," मी म्हटलं.

"सहा महिने जाऊ देत गं, भरून निघतील. तिने विचारणं सोडलंय, सुमे. ते बघ."

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. तेवढ्यात भाऊजी औषध घेऊन आत आले आणि मी नुसतं "बघते" म्हटलं. औषधाचं निमित्त झालं. ते बाहेर गेल्यावर मला वेळ होता, आणि मी तुझ्या उशीचे अभ्रे बदलत बसले. तू गेलीस त्या दिवसापासून मी स्वतःला हेच ऐकवतेय. तू बरोबर होतीस, हे चार शब्द नाहीत गं, तीनच आहेत, आणि माझ्याने तेही झाले नाहीत.

गेल्या मंगळवारी रसिकाची परीक्षा झाली. तुझ्या जागी पुन्हा मलाच बसवलं. नको म्हणणार होते, पण तुला "बघते" म्हणाले होते. बाहेरून त्याच कडक मॅडम आल्या. जे काम राहिलं तेच करून दाखवायचं होतं, म्हणजे बॅक केअर. या वेळी मी सकाळी पेशंटच्या जवळ सुद्धा फिरकले नाही. पंचेचाळिशीची बाई, अर्धांगाचा झटका आलेला. रसिकाने हात धुतले, पडदा ओढला, बाईंना वळवलं. माकडहाडावर लाली होती. रसिकाने ती बघितली, आणि तिने बघितलेलं मी बघितलं. बोट लावलं नाही तिने. सरळ स्पिरिटची बाटली उचलून तळहातावर घेतलं.

"रसिका, थांब," मी म्हटलं. परीक्षकाने मध्ये बोलायचं नसतं, मला माहीत आहे. "काय दिसलं ते सांग आधी."

तिने तळहात तसाच धरला. स्पिरिट हातावरच उडून चाललं होतं. मग म्हणाली, "सिस्टर, चेकलिस्टमध्ये आहे ना."

किती गार आवाजात म्हणाली! एवढीशी पोर, आणि ही तिची गत मी केली होती. मला त्या क्षणी तुझा इतका राग आला, की असं हे माझ्या गळ्यात टाकून तू निघून गेलीस.

मी बाहेरच्या मॅडमकडे वळले. म्हटलं, "मॅडम, मागच्या वेळी या मुलीने बरोबर केलं होतं. मी शून्य दिलं ते रागाने दिलं. त्या आजीची पाठ त्या दिवशी सकाळी मीच चोळून लाल केली होती. नंतर विदुलाने विचारलं तेव्हा पार्वतीमावशींचं नाव घेतलं, तेही खोटं." माझा आवाज तुला माहीत आहे. पडदा कसला आडवा येतो त्याला? अख्ख्या वॉर्डाने ऐकलं, पार्वतीमावशींनी पण ऐकलं. त्या भांडी घासायच्या थांबल्या. मागाहून त्यांच्या पाया पडायला गेले तर म्हणाल्या, "काय ता सिस्टर, उठा, माका लाज वाटता."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे लेखी द्याल?"

"देते."

त्यांनी चेकलिस्ट पालथी घातली आणि रसिकाला म्हणाल्या, "तुला जे योग्य वाटतं ते करून दाखव." रसिकाने हात पुसले, पुन्हा धुतले. बोट दाबून बघितलं. उशी मागितली. वळवताना त्या बाईंच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "ताई, इथे दुखतंय का?" आणि बाई बोलायला लागल्या. पास झाली ती. तुझा तो अर्ज शाळेच्या ऑफिसात पडून होता, त्यावर दुपारी सही केली. लेखी जबाब पण दिलाय. त्याचं काय व्हायचं ते होवो. कदाचित इनचार्जपद जाईल, मला त्याचं तितकं काही वाटत नाही.

चार वाजता रसिका फाइलवर सही घ्यायला ड्यूटी रूममध्ये आली. मी म्हटलं, "तुझे सहा महिने खाल्ले मी. माफ कर."

ती खाली बघत म्हणाली, "मला माहीत होतं, सिस्टर. आजीच्या पाठीवर पावडर ताजी होती. आणि मावशी त्या दिवशी सुट्टीवर होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

"विदुला मॅडमना त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. त्यांनी मार्कांसाठी खूप प्रयत्न केले. नंतर म्हणाल्या, मार्क आता बदलत नाहीत, पण सुमन सांगेल स्वतःहून. तिला वेळ देऊ या."

मी खुर्चीत बसले. म्हणजे दार लावून तू मला विचारलंस, तेव्हाच तुला माहीत होतं. मी मावशींचं नाव घेतलं, तेव्हाही माहीत होतं. मी रोज चारला यायचे, तुझी चादर सारखी करायचे, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचे, आणि तुला सगळं माहीत होतं. तरी पाठीला तू दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायची नाहीस. असं का केलंस गं? रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं. मी तिथेच, त्या मुलीसमोर, तोंडावर हात घेऊन रडले. तू बरोबर होतीस, विदुला. लाल पाठीचं बरोबर होतीस, माझ्याबद्दल बरोबर होतीस. उशिरा का होईना, म्हटलं मी.

रसिका पाण्याचा ग्लास ठेवून निघाली. दारापर्यंत गेली, आणि तिथेच घुटमळली.

"सिस्टर, एक विचारू?"

"विचार."

"लाल जागी चोळायचं नाही, ते कळलं. पण पाठ चांगली असेल, लाली अजिबात नसेल, तर चोळल्याने पेशंटला काही फायदा होतो का? का तिथेही चोळू नये?"

मी तोंड उघडलं. तीस वर्षं या वॉर्डात माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असायचं, आणि ते मी ओरडून द्यायचे.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

ती परत आत आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.